हारुनभाईंची अखंड संख्या

पडदा वर जातो. वडाळा रोडवरच्या एका इमारतीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली. डावीकडे खिडकी, आणि तिच्यातून दुपारचं ऊन थेट शिलाई मशीनवर पडलेलं. उजवीकडे भिंतीतलं कपाट. इतरांच्या घरी जिथं चषक नाहीतर नातवंडांचे फोटो असतात, त्या मधल्या फळीवर काडेपेटीहून जरा मोठा एक पोलादी ठोकळा. मध्यभागी प्लास्टिकच्या खुर्चीत एक उंच, वाळलेले गृहस्थ बसलेत. चष्मा कपाळावर आहे आणि तो कुठं गेला म्हणून ते बायकोला विचारताहेत.

"कपाळावर," शिलाईवरची नजर न काढता बिलकिस म्हणते. "माझ्या नाही, तुमच्या."

हे आमचे हारुनभाई. मी रंगभूमीवर होते तेव्हा आमच्या प्रत्येक प्रयोगाची तिकिटं भद्रकालीतल्या त्यांच्या छापखान्यात छापली जात. वडिलांनी सुरू केलेला छापखाना. एका बाजूला पायानं चालवायचं छपाईचं मशीन, ट्रेडल, दुसऱ्या बाजूला खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या पेट्या. धाकटा भाऊ महमूद खिळे जुळवायचा, हारुनभाई मशीन चालवायचे. लग्न होऊन आल्यावर तिकिटाला फाडायची छिद्रांची ओळ पाडणं बिलकिसकडं आलं. नायिकेचं नाव हँडबिलावर किती मोठ्या अक्षरात घ्यायचं यावरून मी त्या छापखान्यात भांडले आहे, रुसले आहे आणि महमूदनं आणलेला चहा पिऊन हसत बाहेरही पडले आहे.

तिकिटांवर क्रमांक उठवायचा तो या पोलादी ठोकळ्यानं, म्हणजे नंबरिंग मशीननं. पोटात सहा चाकं, प्रत्येक चाकावर शून्य ते नऊ. एक कागद छापला की दट्ट्या दबतो, आकडा एकानं पुढं सरकतो. नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवपर्यंत जायचं आणि मग सगळी शून्यं. हारुनभाईंनी उमेदीची सगळी वर्षं या चाकांकडं बघत घालवली. दुसरा एखादा कंटाळला असता. हे मात्र आकड्यांच्या प्रेमात पडले.

त्यांचं वर्गीकरण शाळेतल्या पुस्तकातलंच होतं, पण नावं स्वतःची. सहाला भागणारे एक, दोन आणि तीन, त्यांची बेरीज पुन्हा सहा. अठ्ठावीसचंही तसंच. हे पोटभर जेवलेले. बाराच्या भाजकांची बेरीज बाराच्या वर जाते, सोळा होते. हा अजीर्ण झालेला. आठाची सातच भरते, तो अर्धपोटी. आणि ज्यांना एक आणि स्वतः सोडून दुसरं कुणीच भागू शकत नाही, पुस्तकं ज्यांना मूळ संख्या म्हणतात, त्या हारुनभाईंच्या अखंड संख्या. "पोटात एकच दाणा, ताई," ते मला म्हणायचे, "पण मोडत नाहीत."

दोघा भावांचा एक खेळ होता. ट्रेडलचा खडखडाट चालू असताना महमूद पेट्यांमागून एखादा आकडा ओरडायचा आणि हारुनभाईंनी तो कशानं फुटतो ते सांगायचं.

"दोनशे एकवीस!"

"तेरा सतरे!"

"म्हणजे?"

"तेरा गुणिले सतरा, गाढवा! काम कर!"

आमच्या नाटकाला हारुनभाई आणि बिलकिस यायचे तेव्हा त्यांना सतरा आणि एकोणीस याच खुर्च्या लागायच्या. आमच्या थिएटरात डावीकडं सगळे विषम क्रमांक असायचे, त्यामुळं त्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी. दोन्ही अखंड, मध्ये फक्त एका आकड्याचं अंतर. नवी नवरी बिलकिस मला मेकअपच्या खोलीत येऊन विचारून गेली होती, "ताई, यांना पंधरा नंबरवर बसवलं तर काय होईल हो?" मी म्हटलं, "उठून जातील." एकदा खरंच बसवलं. पहिल्या अंकात त्यांनी पाच वेळा वळून शेजारच्या सतरा नंबरकडं बघितलं.

मग ऑफसेट आलं, संगणक आले, लोक तिकिटं मोबाइलवर दाखवायला लागले. छापखाना बंद झाला तेव्हा हारुनभाई गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळं अंथरुणावर होते. शेवटची आवराआवर महमूदनं केली. घरातल्या वडीलधाऱ्यांनी बसून वाटणी केली. ट्रेडल भंगारात गेलं. कागद कापायचं मशीन महमूदच्या वाट्याला आलं. ते घेऊन तो पिंपळगाव बसवंतला गेला आणि द्राक्षांच्या पेट्यांवरची लेबलं छापायला लागला. जागा विकली. हारुनभाईंच्या घरी फडक्यात गुंडाळलेलं हे नंबरिंग मशीन आलं. भांडण झालं नाही, पण बोलणंही राहिलं नाही. ईदेला फोन, तब्येतीची चौकशी, संपलं. थोरल्याला वाटे, मी आजारी असताना घाईनं सगळं उरकलं. धाकट्याला काय वाटे ते कुणी विचारलंच नव्हतं.

फडकं सोडल्यावर चाकांवर जो आकडा थांबलेला होता तो हारुनभाईंनी वाचला. तीन लाख एकोणनव्वद हजार नऊशे नव्व्याण्णव. सवयीनं भागून बघायला लागले. सहाशे पंचवीसच्या आतल्या सगळ्या अखंड संख्यांनी भागून पाहिलं आणि बाकी प्रत्येक वेळी उरली. संख्या अखंड होती. त्या दिवशी त्यांनी जे म्हटलं ते बिलकिसनं मला सांगितलं. "छापखान्याचे तुकडे झाले. हा एक आकडा मात्र कुणाला वाटून घेता येणार नाही." तेव्हापासून ते मशीन कपाटात आहे. गंजलंय, चाकं फिरत नाहीत, दट्ट्या दबत नाही. आल्यागेल्याला तो आकडा आणि त्याचा अखंडपणा ऐकावाच लागतो. गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा नवनाथसुद्धा आता दारातून "अखंड आहे ना अजून?" असं विचारूनच आत येतो.

यंदा आमच्या जुन्या नाटकवाल्यांनी मेळावा ठरवला. मी म्हटलं, पडद्यापुढच्यांचे सत्कार पुष्कळ झाले, या वेळी हारुनभाईंचा करू. निमंत्रणपत्रिकेवर त्यांच्याच मशीनचा ठसा उमटवायचा आणि खाली लिहायचं, 'ज्याला कुणी भागू शकत नाही.' कल्पना माझीच असल्यामुळं मला फार आवडली होती. मी कोरा जाड कागद घेऊन वडाळ्याला गेले.

बिलकिसनं शाईचं पॅड काढलं. कपाटातलं मशीन उतरवून पुसलं, पॅडवर दाबलं आणि दोन्ही हातांनी कागदावर टेकवलं. उचललं. आम्ही तिघंही वाकून बघायला लागलो.

९९९९८३.

मग बिलकिसचे खांदे हलायला लागले.

"अजी," ती म्हणाली, "तुम्ही हे आरशातलं वाचत होतात?"

"तसं कसं होईल?"

"असंच झालंय. आकडे धातूवर उलटेच असतात ना! छापखान्यात तुम्ही मशीन डोकं खाली करून बघायचात, तेव्हा आकडे डावीकडून ओळीनं लागायचे आणि बरोबर वाचायचात. इथं फळीवर उभं ठेवलं आणि डावीकडून वाचत सुटलात. उलटे आकडे बघून बघून तुमच्या डोळ्यांना तेच सुलटे वाटायला लागलेत."

मी हसले, कारण हसण्यासारखंच होतं. मशीनवाल्याखेरीज ही चूक दुसऱ्या कुणाला करता आली नसती. आपल्याला उलटा तीन दिसला की लगेच खटकतो. त्यांना सुलटा तीनच नवा होता. पण हारुनभाईंचा चेहरा पाहिला आणि माझं हसू तिथंच थांबलं.

"म्हणजे मी भलत्याच आकड्याची परीक्षा घेतली," ते म्हणाले. "खरा आकडा हा आहे. आणि हा अखंड आहे की नाही ते मला माहीत नाही."

"अरफाला विचारू," बिलकिस म्हणाली. अरफा त्यांची नात, इंजिनिअरिंगला आहे. "फोनवर एका मिनिटात कळेल."

"ती हो म्हणेल नाहीतर नाही म्हणेल. मला मधलं सगळं पाहिजे."

"आणि नाही निघालं तर?"

"तर ताईंच्या कार्डावर दुसरं काहीतरी छापू," असं म्हणून ते कागद शोधायला उठले. ते काय म्हणत नव्हते ते आम्हा दोघींना कळलं. वाटणीतून सुटलेली एकच गोष्ट त्यांच्याकडं होती, आणि तीही आता सुटलेली आहे की नाही हे ठरायचं होतं.

पुढचे काही दिवस दुपारी मी तिथंच असायची. तालमीला जावं तशी. रीत हारुनभाईंनी बसवून दिली. "संख्या फुटली तर तिचे दोन तुकडे होणार. दोन्ही हजाराच्या वर असतील तर गुणाकार दहा लाखांच्या वर जाईल. म्हणजे एक तुकडा तरी हजाराच्या आत पाहिजे. हजाराच्या आतल्या अखंड संख्या मला पाठ आहेत. तेवढ्यांनी बघायचं, बस." शिवाय आपली संख्या दहा लाखांना सतरा कमी. मग तिला कशाला भागायचं? दहा लाखांना भागायचं. बाकी सतरा उरली, तर त्या भाजकानं आपली संख्या फोडली असं समजायचं. लहान आकड्यांनी आधी सरळ भागून घेतलं, आणि एकोणीसपासून पुढं ही सतराची गंमत सुरू झाली.

जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठी आम्ही भागाकारांनी भरून टाकल्या. हारुनभाई भागायचे, बिलकिस गुणून ताळा बघायची, माझ्याकडं बाकी मोठ्यानं म्हणायचं काम. आवाज अजून शाबूत आहे, त्याचा उपयोग झाला.

"तेवीस! बाकी सहा!"

"ताई, हळू. खालचे लोक वर येतील."

"एकतीस! बाकी दोन!"

त्र्याऐंशीपाशी बाकी सोळा आली. हारुनभाईंनी घाम पुसला. "एकानं वाचलो," ते म्हणाले. शंभर ओलांडले, दोनशे ओलांडले. मला त्या भाजकांची भीती वाटायला लागली होती. नाटकात खलनायक कोण ते आधीच माहीत असतं. इथं दारात उभा राहणारा प्रत्येकजण खलनायक असू शकत होता.

दोनशे एक्कावन्नला हारुनभाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी कागदाकडं पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग पेन्सिल खाली ठेवली.

"सतरा," ते म्हणाले. "फुटली."

मी बाकी मोठ्यानं म्हटली नाही. खिडकीबाहेर कुणाचा तरी टेम्पो मागं येत होता, त्याचं ते कर्कश संगीत वाजत राहिलं. हारुनभाई खुर्चीत मागं टेकले. एकाएकी म्हातारे दिसले. म्हातारे तर आम्ही तिघंही आहोत, पण एरवी तसे दिसत नाही.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "सगळंच वाटलं गेलं होतं. हाही आकडा त्यातलाच."

बिलकिसनं कागद स्वतःकडं ओढला. ओठ हलवत वाचू लागली. "दोनशे एक्कावन्न गुणिले तीन हजार नऊशे चौऱ्याऐंशी. बरोबर? आणि उत्तर तुम्ही लिहिलंत नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे त्र्याऐंशी."

"हो."

"शेवटी तीन?"

"हो, तीन. आपलीच संख्या."

"अजी, चाराला एकानं गुणल्यावर तीन कधीपासून यायला लागले?"

हारुनभाई पुढं सरकले. मीही. चार एके चार. उत्तर चारवरच संपायला हवं. नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे चौऱ्याऐंशी. बाकी सतरा नव्हे, सोळा.

"घाबरून तुम्ही आपलीच संख्या लिहून बसलात," बिलकिस म्हणाली. "शाळेत असतात तर मास्तरांनी कान पिळला असता." आणि तिनं पदराच्या टोकानं त्यांचा चष्मा पुन्हा एकदा नीट पुसून दिला.

तिथून पुढं आम्ही प्रत्येक ताळा दोनदा केला. शेवटचा भाजक नऊशे सत्त्याण्णव. बाकी नऊ. मी खुर्चीवरून उठून ती म्हटली, कारण अशी वाक्यं बसून म्हणायची नसतात.

संख्या अखंड होती. उलटी वाचली तरी अखंड, सुलटी वाचली तरी अखंड. बिलकिसनं शेवया केल्या. मी म्हटलं, चला, आता कार्ड छापू. पण हारुनभाई अजून त्या पत्रिकांतच होते. काहीतरी शोधत होते. बाकी एक कुठं आली, तीन कुठं आली, नऊ, अकरा, म्हणजे दहा लाखांना तेवढ्यानंच कमी असलेल्या पुढच्या संख्या कशानं फुटतात ते.

"ताई, हिच्यापुढं दहा लाखांपर्यंत विषम संख्या उरतात आठ. त्यातल्या दोन पाचांनी फुटतात, तीन तिनांनी. उरल्या तीन. एक फुटते एकोणिसांनी, एक सतरांनी, एक सातशे सत्तावन्नांनी. सगळ्या फुटतात."

"म्हणजे?"

"म्हणजे मशीनची चाकं शून्यावर जायच्या आधीची ही शेवटची अखंड संख्या आहे. हिच्यानंतर एकही नाही." त्यांनी मशीनकडं पाहिलं. "हे असं आपोआप थांबत नाही. कुणीतरी हातानं चाकं फिरवून लावलंय."

आवराआवर कुणी केली होती ते खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. बिलकिसनं काही न विचारता पिंपळगावला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि नवऱ्याच्या पुढ्यात ठेवला. मागं छपाईच्या यंत्राचा आवाज येत होता. दोघं आपल्या घरच्या हिंदीत बोलले, मी ते माझ्या भाषेत सांगते.

"महमूद, नंबरिंग मशीनवरचा आकडा तू लावलास?"

पलीकडं यंत्राचा आवाज बंद झाला.

"नाही, उंदरानं लावला," महमूद म्हणाला. "भाईजान, तुम्हाला आज सापडला?"

"आज."

"मला वाटलं, फडकं सोडल्या सोडल्या फोन येईल. पेट्यांमागून आकडा ओरडायचो ना, तसाच एक शेवटचा ओरडून ठेवला होता. वाचनालयात एका कोष्टकात सापडला होता. तुमच्यासारखं भागत बसायला मला कुठं येतं! फोन नाही आला. मग म्हटलं, भाई नाराज आहेत. नको बोलायला."

"मी उलटा वाचला रे."

"काय?"

"तीन लाख एकोणनव्वद हजार वाचला. फळीवर ठेवून, डावीकडून."

पलीकडून जे हसू आलं ते इतकं मोठं की फोन टेबलावर थरथरला. "जन्मभर मशीन चालवून! भाभी, ऐकलंत का? मी हे गावभर सांगणार आहे!"

"सांग. पण पुढचंही सांग. उलटा वाचला तरीसुद्धा अखंडच आहे. मी तपासलंय."

"खरं?" महमूदचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "हे मला माहीत नव्हतं."

"मलाही तुझं माहीत नव्हतं," हारुनभाई म्हणाले. मग बिलकिस पुढं झाली. शुक्रवारी जेवायला यायचं, बायकोला आणायचं, आणि द्राक्षं आणायची तर गोड बघून आणायची, असं तिनं धाकट्या दिराला बजावलं.

मी निघाले. गुडघा दुखत असतानाही हारुनभाई जिन्यापर्यंत आले. ठशाचा कागद माझ्या पिशवीत होता. मी विचारलं, खालचा मजकूर तोच ठेवू ना, ज्याला कुणी भागू शकत नाही, आणि त्याखाली तुमचं नाव?

"मजकूर ठेवा. पण ताई, माझं एकट्याचं नाव नको. दोघांचं टाका. त्याचं आधी टाका. त्याला वाचता येतं."